उशीर

काटोल नाक्यावर स्कूटर घसरली, डावं मनगट मोडलं.
दीड महिन्याने प्लास्टरमधून निघालेला हात
माझा वाटेना.
पिवळट, बारीक, कुण्या आजारी मुलीचा.
रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला, दाबत बसा म्हणाले.
जावई म्हणाले, चेंडूच पाहिजे तर
आमच्या गोल्फच्या मैदानावर या, आई.
थट्टा होती. मी गेले.

मे महिना. सहाला पोचायचं, आठच्या आत घरी,
नाहीतर गवताबरोबर आपणही भाजून निघतो.
झनकलाल उईके: डोक्याला दुपट्टा,
पायात कुणा साहेबाचे एक नंबर मोठे बूट.
बाराव्या वर्षापासून दुसऱ्यांच्या पिशव्या वाहिल्या,
आता शिकवतो.

पहिल्या दिवशी चेंडूच दिला नाही.
माझ्या घड्याळाच्या पट्ट्याखाली लाकडी पट्टी खोचली,
नातवाच्या कंपासमधली, सहा इंची.
मनगट मागे दुमडलं की ती हाताच्या पाठीत रुतायची.
"रुतली का समजा, हात खोटं बोलला."

मग दांडा उलटा धरायला लावला, लोखंड मुठीत,
आणि हवेत फिरवा म्हणाला. ऐका, आवाज कुठी होते.
माझी सूं खांद्यापाशीच संपायची.
"तुमी वरतीच सारं खर्चून टाकता न मॅडम.
खाली काय उरन?"

मी त्याला सांगितलं,
एकतीस वर्षं पोस्टात तारखेचा शिक्का मारला.
शाई, कागद, शाई, कागद.
पाचची डाक साडेचारला बांधून तयार.
उशिरा आलेल्या पत्राला जादा तिकीट लावायला लावायचो आम्ही,
उशिराला दंड होता.
या मनगटाला एकच गोष्ट येते, आधी.

त्याने माझे दोन्ही हात पाहिले,
गाय विकत घेताना बघतात तसे.
मोडलेला डावा काही विसरलेला नव्हता, कारण त्याला काही येतच नव्हतं.
आड येत होता तो उजवा,
शिकलेला.

मनगटाच्या जोरावर, म्हणतो आपण.
उईके हसला. "जोर कंबरीत असते, मॅडम.
मनगटात उशीर लागते."

खांद्यावरून कंबरेपर्यंत आणा. थांबा.
परत वर. परत कंबरेपर्यंत. काटकोन मोडू नका.
"अजून नाही.
अजून नाही.
काहून घाई करून राह्यल्या? गाडी थोडीच सुटून राह्यली?"
तिसऱ्या वेळी सोडायचं.
मी दुसऱ्यालाच सोडलं. ढेकूळ उडालं, चेंडू जागेवर.
असे अकरा दिवस.

बाराव्या दिवशी म्हटलं, तुम्ही एक मारून दाखवा.
त्याने आधी क्लबाच्या पायऱ्यांकडे पाहिलं, सवयीने.
"आमाले मनाई व्हती न तवा.
रातच्याले शेडमागं, निंबाच्या फाट्यानं, बेहड्याच्या बिया मारत जाओ.
अंधारात चेंडू दिसत नाही, म्हणून कान शिकले."

मग माझाच दांडा घेतला, उलटाच,
बूट काढून बाजूला ठेवले.
वर नेला, खाली आला,
आणि काहीच ऐकू आलं नाही.
मला वाटलं, चुकला.
तेवढ्यात, चेंडूच्या जागेच्याही पुढे,
डाव्या पायाच्या अंगठ्यापाशी कुठेतरी
हवा एकदाच फाटली,
नवं धोतर फाडावं तशी.
पिवळ्या गवतातून तितर उठला.

त्याने बूट घातले. पट्टी माझ्या पट्ट्यात परत खोचली.

आज चाळीस चेंडू.
एकोणचाळीस वेळा उजव्याने तारीख मारली.
एकदा नाही.
तो चेंडू कुठे गेला, मी पाहिलं नाही.
उईकेनेही नाही. तो पट्टीकडे पाहत होता.
"आता पाणी प्या," म्हणाला.