बघायचे पैसे

विनमका, नेवाडा. मंगळवार, रात्रीचे नऊ.
कॅसिनोच्या मागल्या अंगाला, बुफेला खेटून
एकच टेबल. दोन-चार डॉलरची लिमिट.
हिरव्या कापडावर कॉफीचा डाग,
माझ्या आधीपासूनचा.

आम्ही सात जण. त्यातले पाच पत्ते टाकतच नाहीत.

ऑझी गोयनेचे, आजोबा बास्क मुलखातून येऊन
इथल्या डोंगरांवर मेंढ्या राखायचे,
हा सोन्याच्या खाणीत ट्रक चालवून निवृत्त झाला.
त्यानं पहिल्याच आठवड्यात बजावलं,
"पोरी, इथे थापा मारू नकोस.
थाप लागू पडायला समोरच्यानं
तुझ्या पत्त्यांचा विचार करावा लागतो.
ही मंडळी आपापलेच बघतात."

मी ऐकलं नाही. तेव्हा मी हुशार होते.
हातात नुसती नश्शी-अठ्ठी,
तीनदा पैसे लावले, रिव्हरलासुद्धा,
चेहरा असा की फ्लश जन्मतःच सोबत घेऊन आलेय.
लामारनं दुर्रीच्या जोडीवर कॉल केला.
"बघावं म्हटलं," म्हणाला,
आणि सुपात हात घातला... म्हणजे सूपमध्ये चमचा.
मी एवढा वेळ बहिऱ्याच्या कानात कुजबुजत होते.

मग शिकले.
वरची जोडी लागली की लावायचे.
पुन्हा लावायचे. लाजायचं नाही, सापळे रचायचे नाहीत,
दार सताड उघडं असताना खिडकीतून कशाला शिरायचं?
नाही लागलं तर टाकायचं.
तासाला तीस डाव, त्यातले पंचवीस
ग्लासातला बर्फ विरघळताना बघत काढायचे.
आणि पाच जण शेवटपर्यंत आले
तर कुणाला ना कुणाला काहीतरी लागतंच.
अशा वेळी "छान पत्ते" म्हणायचं, मनापासून,
कारण ते चुकतात म्हणून माझं घरभाडं निघतं.
हे मी अजून कुणाला बोललेले नाही.

ऑझीचा दुसरा नियम छोटा होता.
जो कधीच वाढवत नाही, त्यानं वाढवलं
तर मुकाट्यानं टाक. बघूही नकोस.

व्हर्ला स्टबफील्ड, वय चौऱ्याहत्तर,
तीस वर्षं शाळेची बस चालवली.
अकरा वर्षांत तिला रेझ करताना कुणी पाहिलं नव्हतं.
हातात एक्क्यांची जोडी आली तरी नुसता कॉल,
"समोरच्याला उगाच वाईट वाटतं."

त्या रात्री टेबलावर तीन बदाम, दोन सत्त्या.
माझ्या हातात बदामाचा एक्का, बदामाची छक्की.
मी चार डॉलर लावले.
बाकीचे गळाले, हेच नवल.
व्हर्लानं आठ पुढे सरकवले.

"रेझ," इग्नासिओ म्हणाला,
आणि डीलर असूनही त्याच्या भुवया वर गेल्या.
लामारचा चमचा हवेत थांबला.
सत्त्यांवर फुल हाउस. नाहीतर चारी सत्त्या. अजून काय असणार?
मी फ्लश टाकला. ऑझीनं मान डोलावली,
मला शाबासकी दिल्यासारखी.

दाखवायचं काही कारण नव्हतं,
तरी व्हर्लानं सवयीनं पत्ते उलटे केले.
चव्व्यांची जोडी.

टेबल गप्प.
"चारच ठेवले ना मी?" तिनं विचारलं,
आणि ढिगाऱ्यातल्या चिप्स
एकेक करून, बोटांनी, चाचपून लावू लागली.

तेव्हा पाहिलं मी, ती मान किती वाकवते.
टेबलावरचे पत्ते उघडले की तिची नजर
जराशी बाजूला पडते, दिव्याखालच्या रिकाम्या जागी.
किती मंगळवार ती बघायचे पैसे देत होती
आणि बघत काहीच नव्हती?
सगळ्यांच्या सवयी वहीत लिहून ठेवणारी मी
हे एवढं लिहायचं राहिले.

चार डॉलर होते फक्त.

आता मी तिच्या डाव्या हाताला बसते.
रिव्हर पडला की ग्लास ओठांशी नेऊन
हळूच म्हणते, "किलवरची दश्शी."
नियमात बसत नाही. इग्नासिओ तेवढ्यात
कापडावरचा डाग पुसायला घेतो.
ती कॉल करते. माझ्याकडे वरची जोडी असते.
मी लावते. थांबत नाही.
ती हरते, आणि म्हणते, "छान पत्ते, पोरी,"
माझ्या जरा बाजूला बघत.