पाय मोडका स

लातूरच्या ट्यूशन एरियात, संध्याकाळी साडेसहाला,
एक बॅच सुटून दुसरी बसायच्या मधल्या वीस मिनिटांत
मी मोबाइल डस्टरला टेकवून उभा केला.
तिकडे कोरियात रात्रीचे दहा.
पडद्यावर एक मुलगा आला, नऊ-दहा वर्षांचा,
गळ्यात पट्टा, पट्ट्याला ओळखपत्र,
मागे आपल्यासारख्याच ट्यूबलाइटी,
त्यातली एक फडफडत होती.
नाव डॅनियल, म्हणाला.
खरं नाव विचारायचं नाही, असा नियम आहे.

रोज कुठे जातोस, मी इंग्रजीत विचारलं.
"सुकूल."

नऊ वर्षं मी औशाच्या, निलंग्याच्या, जळकोटच्या पोरांना
इस्कूल म्हणू नका म्हणतेय.
पाय मोडका स एकटा उभा राहत नाही,
म्हणून आमची पोरं त्याच्या हातात इची काठी देतात
आणि ही पोरं उकार सरकवतात मधे,
लंगड्या बाकाखाली वीट सरकवावी तसा.
मला हसू आलं.
पडद्याबाहेरून एका बाईचा आवाज: प्लीज करेक्ट हिम.
मी करेक्ट केलं.

आठवड्याला तीस तास. राहायला खोली. जातानाचं विमानभाडं.
वर्ष पुरं केलं तर एक पगार जास्तीचा,
मधेच सोडलं तर भाडं कापून घेणार.
पगार एकवीस लाख.
याडीनं ऐकलं आणि हरभऱ्याचं सूप मांडीवर तसंच ठेवून
भिंतीला टेकली.
वॉन गं, मी म्हटलं, सोळानं भागायचं.
"भाग मग. कळू दे तरी."
भागूनही इथल्या सहापट होतं,
आणि इथले सर दोन महिने लांबवतात.
ती काही बोलली नाही. सूप पुन्हा हलायला लागलं.

मला जायचंय. हे आधीच लिहायला हवं होतं.
मला एकदा अशा रस्त्यावरून भाजी आणायचीय
जिथे कोणत्या तांड्याची, कुणाची, असं कोणी विचारणार नाही.

व्हिसासाठी सात देशांची यादी आहे, आपला त्यात नाही.
तेवढं माझ्यावर सोडा मॅडम, कुलथे एजंट म्हणतो,
व्हिसा दुसऱ्या कामाचा काढू, शिकवायचं तेच.
फोटो जरा उजळ करून घेऊ.
आणि मातृभाषेच्या रकान्यात इंग्रजी लिहा.

घरात गोरमाटी, शाळेत मराठी, बसस्टँडवर हिंदी.
इंग्रजी चौथी,
आश्रमशाळेतल्या एका शब्दकोशातून,
ज्यात एसच्या पुढची पानंच नव्हती.
टीचर हा शब्द कितीतरी वर्षं माझ्याकडे नव्हता.

दोन मिनिटं उरली होती.
पुस्तकात नसलेलं विचारलं: जेवलास?
त्यानं मागे वळून पाहिलं. मान हलवली.
"आफ्टर मॅथ."
पेज फोर्टीन प्लीज, बाई म्हणाल्या.

तोवर दाराशी चपलांचा ढीग पडायला लागला होता.
जळकोटच्या बसनं येणारा धनराज,
दप्तरात सकाळचा डबा तसाच वाजतोय,
"मॅडम, इस्कूलमधून डायरेक आलोय."
मी त्याला सुधारलं नाही.
आधी डबा खा म्हटलं, मग बस.
फळ्यावर उगीच एक स काढला, त्याचा पाय मोडला,
आणि खडू हातात धरून उभी राहिले
पोरं कुजबुजायला लागेपर्यंत.

फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचाय.
करारातलं नववं पान नुसतं कोरियनमध्ये आहे,
सही तिथेच करायचीय.
कुलथेचा आत्ताच मेसेज:
मॅडम, ठरवा एकदाचं. यस का नो.

यस म्हणून पाहिलं, हळूच, फळ्याकडे तोंड करून.
शेवटी तोच येतो,
पाय मोडका,
पुढे धरायला कोणी नाही.