छोटी करवत

पारा उणे चौदा.
दंबोवित्सा सिमेंटच्या पन्हाळीतून वाहते,
म्हणजे वाहते असं आपलं म्हणायचं.
दोन्ही कडांना बर्फ, मधे एक काळी पट्टी उघडी,
आमच्या औष्णिक केंद्राचं कोमट पाणी
जिथे सुटतं, तिथून पुढे पुलापर्यंत.

रात्रपाळी संपली की मी त्या पुलावर थांबते.
बुटके पाणकावळे तारेवर बसलेले,
पंख उघडे, वाळत घातलेल्या मोज्यांसारखे.
लोक विमानानं येतात यांना बघायला, इलारिओन म्हणतो,
आणि बुखारेस्ट त्यांच्याकडे पाठ करून
ट्रामची वाट बघतं.
मीही बघायचे, अकरा वर्षं.

आज चांदव्यांच्या घोळक्यापलीकडे
काहीतरी पांढरं.
पिशवी, मी म्हटलं.
पिशवीनं बुडी मारली.

मी आकडे मोजू लागले, बॉयलरचा दाब मोजते तशी,
सतरा, अठरा,
वर आलं ते भलतीकडेच:
पांढरंशुभ्र, डोळ्याभोवती काजळ फासलेलं,
आणि पाठीवर, छातीवर बारीक काळ्या रेघा,
तळ्यावरच्या पातळ बर्फावर कुणी पाय द्यावा
आणि तो तडकावा, पण फुटू नये, तशा.

हातमोजा दातांनी ओढून फोन लावला.
इलारिओन सातव्या मजल्यावर.
संत निकोलायच्या दिवसापासून लिफ्ट बंद,
आणि गुडघे त्याआधीपासून.
चोच कशी होती? तो.
लहान.
लहान म्हणजे? टोकाला वाकलेली? धार दिसली?
साडेसहा वाजता, अंधारात, धार?
मग मी वहीत लिहिणार नाही, झामफिरा.
वही माझी आहे.

खरं तर त्या पक्ष्याचं नाव आमच्याकडे छोटी करवत.
चोचीला दात असतात, मासा निसटू नये म्हणून.
आणि हा माणूस एकतीस वर्षं फर्निचरच्या कारखान्यात
करवतींना धार लावत होता.
सगळ्या हिवाळ्यांत एकदाही
त्याला ती दिसली नव्हती.
हे त्यानं मला कधी सांगितलं नाही.
वही चाळताना कळलं, एक पान कोरं होतं,
वर फक्त नाव.

दुसऱ्या दिवशी पुलावर तो माझ्याआधी हजर.
सात मजले कसा उतरला, विचारलं नाही.
मिशांवर दव गोठलेलं, दुर्बिणीचा पट्टा बुटाच्या नाडीचा.
पाण्यावर पांढरं काहीतरी होतं.
खरोखरच पिशवी.
सुपरमार्केटची, हवा भरलेली, डौलात तरंगत होती.

मी माफी मागायला तोंड उघडलं,
ट्राम आली, दारं उघडली, मिटली, गेली.
त्याची दुर्बीण मात्र हलेना.
पिशवीवर नव्हतीच ती.

त्या चांदव्यांत, तो हळूच म्हणाला,
डावीकडून चौथा. तो चांदवा नाही.

मी पाहिलं.
राखाडी, बुटकं, डोकं विटकरी, गाल पांढरा.
बाजूला आणखी एक.
माद्या, तो म्हणाला. कधीपासून आहेत?

काय सांगू?
आठवडाभर मी त्यांना रोज बघत होते.
परवा तर त्यातल्या एकीच्या दिशेनं
पाव फेकला होता, चांदवा समजून,
तिनं ढुंकूनही पाहिलं नव्हतं,
आणि मला राग आला होता.

त्यानं वही काढली. पेनातली शाई गोठलेली.
ते काखेत धरून आम्ही दोघं उभे राहिलो,
म्हणजे पेन त्याच्या काखेत, वही माझ्या हातात,
आणि खाली त्या दोघी
आळीपाळीनं दिसेनाशा होत होत्या.

शाई सुटल्यावर त्यानं लिहिलं: दोन.
थोडं थांबून, रेघेच्या वर, बारीक अक्षरात:
काल एक नर. झामफिरानं पाहिला.
चोच नक्की नाही.