उगवणशक्ती

पोलादाच्या भट्ट्या ओलांडल्या की
बियाण्याच्या कंपनीच्या मागच्या अंगाला आमची खोली.
बाहेर जालन्याचा मे त्रेचाळीसवर भाजत असतो,
आत बारा महिने पंचवीस डिग्री,
मुगाला वाटतं, मृग लागला.

ओल्या कागदावर शंभर दाणे ओळीनं मांडायचे,
गुंडाळी करायची, रबर लावायचं, तारीख टाकायची.
असे चार वेळा शंभर.
पाचव्या दिवशी उघडायचं, आठव्या दिवशी पुन्हा.
अकरा वर्षं झाली.
आई अजून शेजारणीला सांगते,
पोरगी कंपनीत मोड मोजती.
खोटं नाही.

आज परतूरहून सकाळच्या गाडीनं मैना घुले आली,
कुणाच्या तरी ओळखीनं,
प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तीन वर्षांचे मार्कमेमो घेऊन.
लातूरला दोन वर्षं क्लास, चाळीस मार्कांनी हुकलेलं डॉक्टर,
मग बी.एस्सी.
"मॅडम, बायोलॉजीवर काय काय होता येतं?"
मामा म्हणायलेत बी.एड., सर म्हणायलेत एम.एस्सी.,
मोबाईल म्हणतोय जर्मनी.

मी म्हणलं, बस.
यादी माझ्याकडं पण आहे, पण ती माणसांची.

मतीन खतीब. बेडकाच्या शिरा त्याच्यासारख्या
आमच्या वर्गात कुणी काढल्या नाहीत.
आता औषधांची बॅग मांडीवर घेऊन
बीडच्या दवाखान्यांत शेवटचा पेशंट जायची वाट बघतो.
पाच मिनिटं मिळतात.
डॉक्टरांच्या लेकरांचे वाढदिवस त्याला तोंडपाठ.

वैजयंता साळवेनं वरून लॅबचा कोर्स केला.
तिला शीर बघावी लागत नाही,
बोटाला कळते. लेकरू रडायच्या आत सुई बाहेर.

आणि उद्धव टकले!
रेशीमकिड्याच्या जीवनचक्रात त्यानं पेपरात
आधी कोष काढला, मग अळी.
सर ते चित्र पुढं प्रत्येक वर्गाला दाखवायचे.
आता दीड एकर तुती आहे त्याची,
रात्री तीनला उठून पाला टाकतो,
कुठली कात कधी, झोपेतसुद्धा सांगेल.

अनुसया दराडेचं सांगू की नको, असं झालं.
सांगितलं.
शेवाळावर पीएच.डी., तासिका तत्त्वावर दोन कॉलेजं,
सकाळी मंठा, दुपारी घनसावंगी, मे महिन्यात पगार नाही.
एका शेवाळाबद्दल तिच्याइतकं कुणालाच माहीत नाही,
आणि कुणी विचारत नाही.

मैना काही लिहून घेत नव्हती.
म्हणून मी सकाळी मोजलेली गुंडाळी तिच्यासमोर उघडली.
सामान्य एक्क्याऐंशी, असामान्य सहा, मेलेले चार.
"आन् हे नऊ?"
नऊ दाणे मांडले त्या दिवशीसारखेच, चकचकीत, कोरडे.
"मेले?"
नाही. पाणी आत घेतलं नाही अजून.
कठीण बी म्हणतात. रकाना वेगळा,
पण उगवणशक्तीत धरायचं.

ती माझ्याकडं बघायला लागली,
जसं मी कीर्तनच केलं होतं.
घाईनं म्हणलं, अगं, तुझ्याबद्दल नाही, मुगाबद्दल बोलतेय.
मुगाला निदान आठ दिवस ठरवून दिलेले असतात.

जागा सध्या नाही, हेही सांगितलं.
हंगामात तीन महिने मुली लागतात, रोजानं.
रोज किती, तेही.

ती कागदावर वाकलेलीच होती.
"मॅडम, ऐंशीच आहेत.
हे बघा, याला पानं आलीत, मूळच नाही."

चष्मा लावला. खरंच नव्हतं.
वरून हिरवंगार, खाली नुसता टोक जळाल्यासारखा डाग.
अकरा वर्षांत मी असे किती सोडले असतील,
आणि किती पोत्यांवर माझी सही असेल?
लाल पेननं एक्क्याऐंशी खोडलं.
असामान्य सात, तिनंच लिहिलं,
सातचा वळसा जरा मोठा आला.

परतूरच्या गाडीला अजून वेळ होता.
तिनं दुसरी गुंडाळी उचलली, रबर काढून मनगटात घातलं,
आणि मला न विचारता
मोजायला लागली.