तिसरा रकाना

जानेवारी. फुटाळ्यावरून येणारा गार वारा
हॅचरीच्या पत्र्यांत शिट्टी घालतो.
ओल्या टॉवेलात गुंडाळलेली सोनेरी सिप्रिनस
माझ्या मांडीवर, शेपटी काखेत दाबलेली.
अंगठा पोटावरून खाली ओढला की
कोरड्या घमेल्यात गाबोळी उतरते
भिजवलेल्या राजगिऱ्यासारखी,
आणि तिच्यामागून थोडंसं पाणी.
पाणी कसलं, बोटांत तार धरणारं काहीतरी.

"ते निथळून टाका, मारबतेबाई," खापेकर सर म्हणायचे,
"त्याचा काही उपयोग नाही."
बारा वर्षं निथळलं.
मोरीत किती गेलं, हिशेब नाही.

एकदा चाळणी सापडेना म्हणून
एक थेंब काचेवर ठेवून पाहिला.

साध्या पाण्यात नराच्या बीजाचं आयुष्य पाऊण मिनिट.
त्यातलं अर्धं गोल गोल फिरण्यात जातं,
जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखं.
तिच्या थेंबात वाटा सरळ झाल्या,
पाऊण मिनिटाचं दीड मिनिट झालं.
स्टॉपवॉच मी दोनदा झटकून पाहिलं.
मग दुसऱ्या नराचं बीज, थेंब तोच:
फरक जेमतेम.

मग रीतसर केलं.
दोन नर, एक सोनेरी, एक करडा,
सिरिंजने मोजून दोघांचं सारखं.
मादी सोनेरी, म्हणजे बापाचा रंग
पोरांवर लपायची सोय नाही.
निथळलेल्या घमेल्यात सोनेरी पुढे.
सर खूश: "दमदार आहे गडी!"
न निथळलेल्यात, नवव्या दिवशी,
पांढऱ्या ताटलीत पिल्लं मोजता मोजता
डोळ्यांना पाणी आलं, फक्त थकव्याने:
तीनशे बारा करडी,
एकशे अठ्ठ्याऐंशी सोनेरी.
शेजारच्या टाकीतल्या मादीचं पाणी घेतलं
तर निकाल परत फिरला.

रजिस्टरात रकाने दोनच. नर एक. नर दोन.
कॉलेज उघडल्यापासून असेच छापून येतात.
वरच्या ओळीत मादीचं वजन, ग्रॅममध्ये,
पिशवीचं लिहावं तसं.

आई मंगळवारी बाजारात पाटी घेऊन बसायची.
गाबोळी कधी धुवायची नाही,
गिऱ्हाईक नाक मुरडलं तरी.
तळ्यावर माशांची झुंड उसळली की
पाटी टेकवून बघत राहायची:
"नर लय धावून राहिले वं पुष्पे,
पन पानी कोनाचं हाय?"
मी तेव्हा बी.एस्सी. करत होते,
आणि हसले होते.

यातून बायांबद्दल काही सिद्ध होत नाही,
मलाही कळतं. मासोळी ती मासोळी.
तिला कोणी विचारलं नव्हतं,
तिनेही काही ठरवलं नसेल, आपण ठरवतो तसं.
टॉवेलात ती फक्त तोंड उघडते, मिटते.
अंड्यांभोवती तिचं एवढंसं पाणी,
आणि त्या पाण्यात
कोणाला वाट मिळते, कोणाला नाही.

पट्टी घेऊन तिसरी रेघ ओढली.
शिसपेन बोथट, रेघ थोडी वाकडी.
वर काय लिहावं ते सुचेना.

सर दारात, हातात चहाचा कप.
"हं, मग? कोण जिंकलं?"

"कोणाच्या पाण्यात, सर?"

ते थांबले. कप तसाच.
मी बोटं टॉवेलला पुसली.
अजून तार येत होती.