पाहुण्यांचं माप

आमच्या जालन्यात हा शब्द
गाड्यावर लाल रंगात लिहिलेला असतो,
खाली भाव: हाफ साठ, फुल शंभर.
तो माणसांचा आहे हे मला
मशीनवर बसल्यावर कळलं.

सदर बाजारात बुटांचं दुकान असलेल्या चुंगबाई
एका दुपारी पिशवी घेऊन आल्या.
आत त्यांच्या आईचा निळा अंगरखा,
कोपरांवर धुऊन धुऊन राखाडी झालेला.
"मास्तर, असाच एक. विजारीसकट. नातीला.
फोटोपुरता नाही, घालायला."

मी उलटापालटा करून पाहिला.
गळ्यापासून तिरका उतरत उजव्या काखेखाली बंद,
कापडाच्याच गाठींची बटणं.
नक्षी शोधली. कुठंच नाही.
अस्तनीच्या दुमडीत तेवढी एक चिंचोळी पट्टी,
लाल फुलांची.

"आई दुमडीत पैसे ठेवायची.
आणि विजारीला पुढचं-मागचं नको,
गुडघे विरले की फिरवून घालता आली पाहिजे.
आमच्या बायका चिखलात उभ्या राहायच्या,
पाय बांधून घेतले नाहीत त्यांनी."
"हक्का म्हणजे काय हो?"
"पाहुणे.
पिढ्या गेल्या, नाव तेच."
मी म्हणालो, आमच्याकडं पाहुण्याला
आधी विचारतात, कधी आलात,
आणि लगेच, कधी निघणार.
त्या हसल्या.
मग बराच वेळ रस्त्याकडं बघत बसल्या.

निळ्याचे तागे काढले.
एक बाजूला सारला, "हा नको,
हा चौदा एप्रिलच्या झेंड्यांचा."
त्यांनी नेमका त्याच्यावरच हात ठेवला.
"निळा तुमचाही?"
"आमचाही."
बाकी काही बोलणं झालं नाही. चहा आला.

रात्री माप घ्यायला आतला खिसा उसवला.
खाली ठिगळ: जाडं मांजरपाट,
त्यावर नांदेडच्या गिरणीचा अर्धा शिक्का,
अक्षरं उलटी, पोटाच्या बाजूला.
टाके इतके बारीक
की उसवताना माझाच हात अडला.

वहीत लिहिलं:
छाती चौतीस, बाही सैल, घेर दोन्हीकडं सारखा.
ठिगळ एक. विचारणे.

विचारलं. "लावा," म्हणाल्या, "पण नवं नको."
तेव्हापासून घरातली जुनी धोतरं, उशांचे अभ्रे,
बापाची बंडीसुद्धा काढून बघितली.
अंगरखा तयार होऊन खुंटीला आहे.
तेवढा मऊ तुकडा अजून सापडत नाही.