सोळा गुंजा

मोटर जळली की माणूस बोलतो तरी.
वायरमनला शिव्या घालतो, फेजला, थोरल्या पोराला.
विलासतात्या काहीच बोलले नाहीत.
पोत्यात गुंडाळलेलं बाकावर ठेवलं,
पाच एचपीच्या पंपाशेजारी,
आणि म्हणाले, "ह्याचा डावा कान गेलाय."

आमच्या विट्यात गलाईवाले असेच परततात,
तीस-एकतीस वर्षं परमुलखात दुसऱ्याचं सोनं वितळवून.
कुणी बंगला बांधतं, कुणी दमा घेऊन येतं.
तात्यांनी पालघाटहून रेकॉर्ड प्लेअर आणला
आणि चाळीस तबकड्या, अशा भाषेतल्या
जी घरात त्यांच्याशिवाय कुणाला कळत नाही.

पुण्याच्या माणसानं फोनवर आठ हजार सांगितले.
चांदीची तार म्हणे, जपानी.
"आठ हजारात," मी म्हटलं, "मी तीन मोटारी भरून देतो
आणि वर चहा पाजतो."

हात उघडला. हातच म्हणायचं त्याला:
बोरूएवढी नळी, मनगटात वाकलेली,
आत चार केस, हिरवे पडलेले.
एकोणीस वर्षं तांबं गुंडाळतोय,
पण माझी तार विहिरीतलं पाणी माळावर चढवते.
हिच्यातून जायचं ते
मुंगीच्या शिंकेएवढं.

तार निघाली भंगारातल्या एका रिलेच्या कॉइलमधून,
फुकट.
डोळ्याला दिसेना, बोटाला दिसायची.
चारी पदर एकाच रंगाचे, म्हणून
प्राजूच्या नेलपॉलिशच्या बाटल्या मागितल्या.
लाल, पांढरी, हिरवी. निळी नव्हती तिच्याकडं,
जांभळ्यावर भागवलं.
"पप्पा, बोटं कुणाची रंगवताय?"

आधी दोरा, मग त्याच्या शेपटीला तार.
दोरा जाईना. शेवटी नळीला तोंड लावलं
नि हळू आत ओढलं:
उदबत्तीची राख, खोबरेल,
कुणाच्या तरी बिडीचा जुना धूर जिभेवर आला
आणि पाठोपाठ दोऱ्याचं टोक.

डाग क्लिपला द्यायचा, कार्ट्रिजला नाही.
कार्ट्रिज नवं, बावीसशेचं,
तात्यांनी नोटा दोनदा मोजून दिलेल्या.
ते तापून गेलं तर माझ्यानं भरून होत नाही.
क्लिपमध्ये आगपेटीची काडी धरली
आणि श्वास नंतरसाठी ठेवून दिला.

"सुईवर भार दोन ग्रॅम पाहिजे," मी म्हटलं,
"एवढा बारीक काटा नाही माझ्याकडं."
तात्या पहिल्यांदा हसले.
"दोन मासे. वर एक कण."
बंडीतून कुंकवाची डबी काढली, डबीतून गुंजा,
लाल, काळ्या डोळ्यांच्या. सोळा मोजल्या.
पिशवीतून तराजू निघाला, आणि एका पारड्यात गुंजा,
दुसऱ्यात सुई टेकवून
हाताच्या बुडाचं वजन ते केसाकेसानं सरकवत राहिले,
जसं अजून कुणाचं तरी मंगळसूत्र ठरायचंय.

लावलं. घूंऽऽऽ.
तात्यांचा चेहरा पडला. मी मात्र खूश,
एवढी एक भाषा मला येते.
अर्थिंग.
पाचवी तार स्क्रूखाली दाबली
आणि दुकानात जी शांतता पसरली
ती तीन फेजच्या दुकानात सहसा नसते.

उजवीकडून बाई गायला लागली.
तात्या मान डोलवत होते, ओळखीच्या जागा
आधीच हलवत होते ओठांनी.
मग ती थांबली, नेहमीसारखी.
आणि डावीकडून एका पुरुषानं घसा खाकरला
आणि उत्तर दिलं.

तात्यांनी माझं मनगट धरलं.
"हा कोण?"
अकरा वर्षं त्यांना वाटत होतं
गाणंच तसं आहे, मधे मधे रिकामं.
"काय म्हणतोय तो?" मी विचारलं.
"थांब, ऐकू दे."
दोनदा सुई मागं नेली. सांगितलं नाही.

मजुरीचे दोनशे घेतले मी, घेतले ते घेतलेच.
प्राजूच्या जांभळ्या बाटलीचं झाकण अजून सापडत नाही.
पण पुढच्या गुरुवारी पंपाखाली ग्रीसमध्ये
एक गुंज मिळाली.
म्हणजे डबीत पंधराच गेल्या.
रोज म्हणतो, नेऊन द्यावी,
त्या निमित्तानं विचारता येईल.